दोन शुक्रवार: ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग दोनदा का करावा लागला

२७ सप्टेंबर १९६३ या शुक्रवारी लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या नव्या विज्ञानमालिकेचा पहिला भाग टेपवर उतरला. वरिष्ठांनी तो पाहिला आणि नाकारला. बरोबर तीन आठवड्यांनी, १८ ऑक्टोबरच्या शुक्रवारी, तोच भाग त्याच स्टुडिओत पुन्हा केला गेला. दोन्ही आवृत्त्या आज पाहायला मिळतात, म्हणून अभ्यासासाठी हे प्रकरण सोयीचे आहे. मुख्य व्यक्ती जगजाहीर आहेत, त्यांची नावे दिली आहेत. बाकी तंत्रज्ञांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे.

पार्श्वभूमी

बीबीसीच्या शनिवार संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत एक अवघड जागा होती. दुपारभर ‘ग्रँडस्टँड’ हा खेळांचा कार्यक्रम चाले आणि त्याला घरातली मोठी माणसे बसत. नंतर ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ लागे, त्याला तरुण पोरे. मधल्या वेळात मुले आणि मोठे एकत्र बसतील असे काहीतरी हवे होते. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन हे कॅनडाचे. त्यांनी विज्ञानकथेचा आग्रह धरला.

बीबीसीला विज्ञानकथा नवी नव्हती. १९६१ मध्ये ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका गाजली होती आणि तिचे सहलेखक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल, म्हणजे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. नव्या मालिकेत मात्र शिकवणीचाही भाग हवा होता. म्हणून चार प्रमुख पात्रांपैकी दोघे शिक्षक झाले, एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाची. तिसरी त्यांची विद्यार्थिनी सुझन. चौथा तिचा म्हातारा आजोबा, म्हणजे काळातून प्रवास करणारा ‘डॉक्टर’, ज्याचे खरे नाव कोणाला ठाऊक नाही.

निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा २७ वर्षांच्या होत्या आणि दिग्दर्शक वारिस हुसेन २४ वर्षांचे. हुसेन यांचा जन्म लखनौचा, बालपण बरेचसे मुंबईत गेले आणि १९४६ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले. एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी पोरगा, अशी ही जोडी त्या काळच्या बीबीसीत उठून दिसे. दोघांच्या पाठीशी चुका पचवण्याइतकी वर्षे नव्हती, ही गोष्ट पुढच्या निर्णयात महत्त्वाची ठरते.

सलामीची गोष्ट आधी वेगळीच ठरली होती. सी. ई. वेबर यांच्या कथेत चौघे मुंगीएवढे लहान होतात. मिळणाऱ्या स्टुडिओत असली दृश्ये जमणार नाहीत, शिवाय कथेत दम कमी, म्हणून ती बाजूला पडली. मग अँथनी कोबर्न यांची अश्मयुगातली चार भागांची गोष्ट पुढे ओढण्यात आली. म्हणजे स्टुडिओच्या मर्यादेने पहिला कौल शूटिंगच्या आधीच दिला होता.

स्टुडिओ आणि कामाची पद्धत

लाइम ग्रोव्ह ही मूळची चित्रपटांची वास्तू. बीबीसीने ती १९४९ मध्ये घेतली. मालिकेच्या वाट्याला आला तिथला स्टुडिओ ‘डी’. तो लहान होता, कोंदट होता आणि कॅमेरे जुने व अवजड होते. दिव्यांची उष्णता वाढली की छतावरचे आग विझवणारे फवारे आपोआप सुरू होत, असे लॅम्बर्ट सांगत. एका भागाचा खर्च सुमारे २,३०० पौंडांत बसवायचा होता.

काम कसे चाले ते समजल्याशिवाय बिघाड समजणार नाही. आठवड्यातले बरेच दिवस बाहेरच्या हॉलमध्ये तालीम होई. तिथे नेपथ्य नसते, जमिनीवर चिकटपट्ट्या मारून भिंती आणि दारे दाखवलेली असतात. शुक्रवारी सगळे स्टुडिओत येत. दिवसभर कॅमेऱ्यांसह तालीम होई आणि रात्री साधारण सव्वा तासात २५ मिनिटांचा भाग जवळजवळ सलग, नाटकासारखा, रेकॉर्ड होई.

सलग कशासाठी, तर टेपसाठी. तेव्हाची दोन इंच रुंदीची व्हिडिओटेप महाग होती. संकलन म्हणजे टेप प्रत्यक्ष ब्लेडने कापून जोडणे, आणि जोड दिलेली टेप पुन्हा वापरायला अडचणीची. त्यामुळे किती वेळा थांबायचे आणि किती काप द्यायचे यावर कडक मर्यादा असे. ध्वनिपरिणाम आणि संगीतही त्याच वेळी वाजवून संवादांत मिसळले जाई. एखादा गुणगुणणारा आवाज त्या रात्री मोठा झाला, की तो मोठाच राहिला. नंतर खाली आणायची सोय नव्हती.

पहिल्या शुक्रवारी काय बिघडले

बिघाड दोन जातीचे होते आणि या प्रकरणाचे मर्म त्यांना वेगळे ओळखण्यात आहे.

पहिली जात यंत्राची. भागाच्या उत्तरार्धात दोघे शिक्षक भंगारच्या आवारातल्या पोलीस पेटीत (पोलिसांना फोन करायची रस्त्यावरची खोपटी; हेच म्हाताऱ्याचे यान) शिरतात आणि आत एक प्रचंड पांढरी खोली निघते. बाहेरची पेटी हे एक नेपथ्य, आतली खोली हे दुसरे. खोलीची मोठी दुपाखी दारे नीट मिटेनात. ती आपटत, डुगडुगत, अर्धवट उघडत, आणि ही सगळी खडखड संवादांवर येई. उत्तरार्धाचे त्या रात्री एकाहून अधिक प्रयत्न झाले, ते टेपवर आहेत. कॅमेऱ्याच्या चाली अडखळतात, नटांचे शब्द चुकतात. यंत्राचा गुणगुणाट इतका मोठा, की हळू आवाजातले वाक्य कान देऊन ऐकावे लागते.

दारांचे खापर नेपथ्यावर फोडले जाते, ते अर्धेच खरे. चिकटपट्टीचे दार कधीच अडकत नाही. तालमीत नट विशिष्ट वाक्याला वळतो, विशिष्ट वाक्याला दार मिटले असे समजून पुढे बोलतो. शुक्रवारी खरे दार दोन सेकंद उशिरा मिटले की ती सगळी आखणी कोसळते. नट थबकतो, कॅमेरामन वाट पाहतो, पुढचे वाक्य घाईत येते. दार फक्त आवाज करत नव्हते, अभिनयाची लय मोडत होते.

दुसरी जात लेखनाची आणि भूमिकेच्या सुराची. विल्यम हार्टनेल यांनी रंगवलेला म्हातारा पहिल्या टेपेत नुसता तिरसट नाही, दुष्ट वाटतो. तो शिक्षकांना हिणवतो, आणि त्याच्याबरोबर दर शनिवारी प्रवासाला निघावे असे मुलांना वाटेल असा एकही क्षण मिळत नाही. तो पडद्यावर येतोच मुळी जवळजवळ निम्मा भाग उलटल्यावर, त्यामुळे पहिली छाप पुसायला वेळही उरत नाही. अंगात त्या काळचा साधा सूट आणि टाय, म्हणजे विचित्रपणाही दिसत नाही. नुसता खडूस शेजारी.

सुझनचे उलट झाले होते. ती फारच परग्रहावरची, थंड. एका प्रसंगात ती कागदावर शाईचा डाग पाडते आणि त्यावर आकृती काढत बसते. का, ते प्रेक्षकाला कळत नाही. पुढे ती सरळ सांगून टाकते की आपला जन्म एकोणपन्नासाव्या शतकातला.

तिरसटपणा कोणाच्या मनमानीने आला नव्हता. मालिकेच्या मूळ आराखड्यातच म्हातारा संशयी आणि चिडखोर लिहिलेला होता. कागदावर तो सगळ्यांना चालला. चूक मात्रेची होती, आणि मात्रा कागदावर दिसत नाही.

कोणत्या वाटा होत्या

न्यूमन यांनी टेप पाहिल्यावर निर्णय त्यांच्या हातात होता. त्या वेळच्या परिस्थितीत वाटा पुढीलप्रमाणे दिसतात.

आहे तसा दाखवणे. सगळ्यांत स्वस्त. पण पहिला भाग हा दुकानाचा दर्शनी फलक असतो, आणि मालिकेला वरून पाठिंबा डळमळीत होता. खर्चावरून कुरकुर सुरू झालेली होती आणि वर्षभराची खात्री कोणी देत नव्हते.

कापून सांधणे. आजचा संकलक दाराचा आवाज काढेल, गुणगुणाट खाली आणेल, वाईट शॉटवर दुसरा शॉट टाकेल. तेव्हा टाकायला दुसरा शॉटच नव्हता, कारण कॅमेऱ्यांची चित्रे त्या क्षणीच निवडून एकाच टेपवर जात. ही वाट नावापुरती होती.

फक्त उत्तरार्ध पुन्हा करणे. हे मोहक वाटते, कारण दारे उत्तरार्धातच होती. पण सुझनचा सूर बदलायचा तर वर्गातली दृश्येही बदलणार, म्हातारा भंगारच्या आवारात आधी दिसतो तिथला पोशाखही बदलणार. यंत्राचा बिघाड एकटाच असता तर ही वाट बरोबर ठरली असती.

माणसे बदलणे. न्यूमन यांनी लॅम्बर्ट आणि हुसेन यांना जेवायला नेले आणि सांगितले की खरे तर तुम्हा दोघांना काढायला हवे. मग म्हणाले, पुन्हा करा. हा प्रसंग दोघांनीही पुढे अनेकदा सांगितला आहे. दिलदारपणा म्हणून याचे कौतुक होते, पण व्यवहारही पाहावा. नव्या माणसांना कथा, नट, नेपथ्य समजून घ्यायलाच तीन आठवडे गेले असते. काय चुकले हे आता नेमके ठाऊक असलेली माणसे जगात दोनच होती.

उरली ती पूर्ण भाग पुन्हा करण्याची वाट. त्यासाठी पहिल्या प्रक्षेपणाची तारीखही पुढे ढकलली गेली.

काय बदलले

नुसते ‘पुन्हा करा’ एवढेच सांगितले असते तर दुसऱ्या शुक्रवारी तोच भाग जरा स्वच्छ होऊन आला असता. न्यूमन यांचे शेरे नेमके होते आणि बदल एकेका जागी उतरलेले दिसतात.

म्हाताऱ्याचा पोशाख विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा झाला. एका फटक्यात ‘हा इथला नाही’ हे न बोलता कळू लागले, आणि जे कपड्यांनी सांगितले ते हार्टनेल यांना तिरसटपणाने सांगायची गरज उरली नाही. बोलण्यात खट्याळपणा आला. तो अजूनही शिक्षकांना टाळतो, फसवतो, पण आता त्याला त्यात गंमत वाटते. वाक्ये थोडी बदलली, सूर पुष्कळ बदलला.

सुझन शाळकरी मुलगी झाली. शाईच्या डागाऐवजी तिच्या हातात फ्रेंच राज्यक्रांतीचे पुस्तक आले. ते चाळताना ती सहज म्हणते की हे बरोबर नाही. एका वाक्यात तिचे वेगळेपण, तिची हुशारी आणि ‘हिला हे कसे ठाऊक’ हा प्रश्न, तिन्ही बसले. डाग नुसता गूढ होता. पुस्तकाला प्रेक्षक काहीतरी अर्थ लावू शकतो.

एकोणपन्नासावे शतक गेले आणि त्या जागी आले ‘दुसरा काळ, दुसरे जग’. हा बदल सगळ्यांत लहान, पण दूरवर पोचलेला. शतकाचा आकडा राहिला असता तर आजोबा आणि नात भविष्यातली माणसेच ठरली असती. म्हातारा कोणत्या लोकांपैकी, हे मालिकेने १९६९ मध्ये सांगितले आणि त्याच्या ग्रहाचे नाव १९७३ मध्ये. तेव्हा हात मोकळे होते, कारण १९६३ मध्ये एक आकडा खोडला होता. हे दूरदृष्टीने केले असे मानायचे कारण नाही. आकड्याने काही मिळत नव्हते, म्हणून तो गेला इतकेच.

आवाजाच्या बाजूला, शीर्षकसंगीताच्या सुरुवातीचा गडगडाट काढला. रॉन ग्रेनर यांची ती धून बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगशाळेत डेलिया डर्बिशायर यांनी टेपचे तुकडे जोडजोडून घडवली होती, तिला बाहेरच्या दणक्याची गरज नव्हती. यंत्राचा गुणगुणाट संवादांच्या खाली ठेवला. यान निघतानाचा घरघर आवाज ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून काढलेला.

नेपथ्याची जबाबदारी पीटर ब्राचाकी यांच्याकडून बॅरी न्यूबेरी यांच्याकडे गेली. यानाचे सहा बाजूंचे नियंत्रण-टेबल आणि गोल खळग्यांच्या भिंती ही ब्राचाकी यांची मूळ कल्पना मात्र कायम राहिली, आणि ती अजून टिकून आहे.

काय निष्पन्न झाले

नवा भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास दाखवला गेला. आदल्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झालेली. लोकांचे मन टीव्हीवरच्या गोष्टीत नव्हते, काही भागांत वीजही गेली होती. प्रेक्षक ४४ लाख. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवला, तेव्हा ६० लाख. एवढे कष्ट घेतलेला भाग ऐन वेळी बातमीखाली दबला, तो पुन्हा दाखवण्याचा निर्णय झटपट झाला आणि योग्य होता.

इथे गोष्ट सुखान्त करून थांबवता येते, पण तसे केले तर अर्धेच खरे सांगितल्यासारखे होईल. पहिला भाग सुधारला, पण तो ज्या गोष्टीची सुरुवात होता ती सुधारली नाही. पुढचे तीन भाग अश्मयुगातल्या टोळीचे. आग कोणाला पेटवता येते यावरून सरदारकीचे भांडण, चौघे पकडले जातात, सुटतात, पुन्हा पकडले जातात, पुन्हा सुटतात. ७५ मिनिटांचा ऐवज नव्हता, तो ताणलेला आहे, आणि आजही पहिला भाग आवडलेले प्रेक्षक इथे रेंगाळतात.

त्याहून बोचणारी गोष्ट तिसऱ्या भागात आहे. जखमी आदिमानवामुळे पळायला उशीर होतो आहे. म्हातारा हळूच एक धारदार दगड उचलतो आणि विज्ञानशिक्षक त्याचा हात धरतो. त्या दगडाने काय करायचे होते हे त्याने दिलेल्या सबबीने लपत नाही. पहिल्या टेपेतल्या म्हाताऱ्याला हे कृत्य शोभले असते. दुसऱ्या टेपेतल्या खट्याळ म्हाताऱ्याला ते ठिगळासारखे दिसते. शेरे पहिल्या भागापुरते होते, पुढच्या संहितांपर्यंत ते पोचलेच नाहीत. काहींना हा दगडाचा प्रसंग मालिकेतला सर्वांत धाडसी वाटतो. तसा तो असेलही, पण ठरवून केलेला वाटत नाही.

प्रेक्षक खरे वाढले ते पुढच्या गोष्टीत, डालेक हे यंत्रकवचातले परग्रही शत्रू आल्यावर. आकडा १ कोटीच्या पुढे गेला. गंमत म्हणजे बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत, असे न्यूमन यांनीच बजावले होते. लॅम्बर्ट यांनी त्यांची नाराजी पत्करून ती गोष्ट केली.

तुलनेसाठी दुसरा बिघाड

त्याच डालेकांच्या गोष्टीचा पहिला भाग १५ नोव्हेंबरला रेकॉर्ड झाला आणि तोही फेकावा लागला. यात लेखनाचा दोष नव्हता. स्टुडिओत कर्मचाऱ्यांच्या हेडफोनमध्ये नियंत्रणकक्षाच्या सूचना येत असतात. त्या सूचना भागाच्या मुख्य ध्वनीत उतरल्या आणि नटांच्या मागे कुजबुजल्यासारख्या ऐकू येऊ लागल्या. ध्वनी एकदा मिसळला की वेगळा काढता येत नसे, म्हणून ६ डिसेंबरला सगळे पुन्हा केले आणि २१ डिसेंबरला भाग दाखवला.

दोन्ही वेळी उपाय एकच दिसतो, सगळे पुन्हा. पण डालेकांच्या वेळी तारा आणि हेडफोन तपासले की काम झाले. पहिल्या वेळी नुसती दारे तेलपाणी करून दिली असती, तर म्हातारा तसाच राहिला असता. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

वेगळे काय करता आले असते

दार तालमीत आणायला हवे होते. संपूर्ण नेपथ्य हॉलमध्ये मांडता येत नाही हे खरे, पण त्याच वजनाची एक चौकट आणि दोन पाखे उभी करता येतात. नटांना उघडमिटीचा खरा वेळ कळला असता. ते जमत नसेल तर दार मिटण्यावर एकही वाक्य अवलंबून ठेवू नये. मिटताना कॅमेरा चेहऱ्यावर ठेवावा आणि मिटल्याचा आवाज टेपवरून वाजवावा.

म्हाताऱ्याच्या सुराची तपासणी टेपेआधी करता आली असती. न्यूमन संहिता वाचत होते, नट तालीम करत होते, पण निकाल देणाऱ्याने प्रत्यक्ष बोललेले ऐकले ते थेट रेकॉर्ड झाल्यावर. बुधवारी अर्धा तास हॉलमध्ये बसून उत्तरार्ध ऐकला असता तर ‘हा माणूस मुलांना नकोसा वाटेल’ हे त्यांना दारांशिवायही कळले असते. अर्थात मोठ्या साहेबांना तालमीत बसवायचे तोटेही असतात. नट त्यांच्याकडे बघून बोलू लागतात.

पूर्ण पुनर्चित्रणाचा निर्णय बरोबरच होता. त्याच्या जोडीला एक साधे काम राहिले. पात्र बदलले की ते पात्र ज्या ज्या पुढच्या संहितेत आहे त्या सगळ्या समोर ठेवून, जुन्या स्वभावावर उभे असलेले प्रसंग शोधायचे. तीन संहिता, एक दुपार. दगड ठेवायचा की काढायचा हा मग निर्णय झाला असता, तो नुसता राहून गेला नसता. १८ ऑक्टोबरनंतर लगेच पुढच्या शुक्रवारी दुसरा भाग उभा होता, त्यामुळे ती दुपार मिळाली नाही हे समजण्यासारखे आहे.

तेव्हा टेप महाग असल्याने पुसून पुन्हा वापरत, आणि प्रतीही टाकून देत. त्यात या मालिकेचे साठच्या दशकातले बरेच भाग, अगदी गाजलेलेही, कायमचे गेले. नाकारलेल्या भागाची प्रत मात्र वाचली. लाइम ग्रोव्ह बंद होताना, २६ ऑगस्ट १९९१ रोजी, बीबीसीने तो पहिल्यांदा दाखवला. दारे अजूनही मिटत नव्हती.